रेडिएशनची यंत्रं मोजायची की पूर्ण झालेले उपचार?

पैलतीर (धागाकर्ता)

कॅन्सरच्या उपचारांतल्या विषमतेवर लिहिताना सगळे एकच आकडा पुढे करतात: दहा लाख लोकांमागे रेडिएशनची यंत्रं किती. मी आरोग्यसेवांच्या नियोजनात आकडेमोडीचं काम करतो आणि या आकड्याशी माझं वाकडं आहे. का, ते सांगतो. तुम्हीही भर घाला, खोडून काढा.

आधी गरज केवढी आहे ते. २०२२ साली जगभरात कॅन्सरचे सुमारे २ कोटी नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९७ लाख माणसं दगावली. या नव्या रुग्णांपैकी साधारण निम्म्यांना आजाराच्या कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर रेडिएशन लागतं. हा 'निम्मा' अंदाजपंचे नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी एकेक अवयव आणि आजाराचा एकेक टप्पा घेतला, तिथे मार्गदर्शक तत्त्वं काय उपचार सांगतात ते पाहिलं आणि बेरीज केली. २००५ मध्ये उत्तर आलं ५२ टक्के. नंतर सुधारून ते ४८ झालं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हेच प्रमाण ८७ टक्के आहे, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये ७१. म्हणजे दोन देशांची लोकसंख्या सारखी असली तरी तिथले कॅन्सर वेगळे असतील तर यंत्रांची गरजही वेगळी. दरडोई आकड्याला यातलं काहीच कळत नाही.

आता पुरवठा. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था (आयएईए) जगभरातल्या रेडिएशन केंद्रांची नोंदवही ठेवते. तिच्या आधारे २०१३ मध्ये आफ्रिकेचं चित्र मांडलं गेलं. ५२ देशांपैकी फक्त २३ देशांत बाहेरून रेडिएशन द्यायची सोय होती. ब्रॅकिथेरपी, म्हणजे किरणोत्सारी स्रोत शरीराच्या आत ठेवून देतात ते रेडिएशन, फक्त २० देशांत. तीही बरीचशी खंडाच्या उत्तर आणि दक्षिण टोकांना.

युगांडाचं उदाहरण घ्या. कंपालाच्या मुलागो रुग्णालयात १९९५ पासूनचं एक कोबाल्ट यंत्र (किरणोत्सारी कोबाल्टच्या किरणांनी उपचार करणारं) होतं. अख्ख्या देशात तेवढंच. २०१६ मध्ये ते कायमचं बंद पडलं. नवं यंत्र रुग्णांसाठी सुरू व्हायला दीड वर्षाहून जास्त काळ गेला. बंद पडायच्या आदल्या दिवसापर्यंत तक्त्यात युगांडापुढे '१' लिहिलेलं होतं. त्या यंत्राचं वय, ताकद, ते महिन्यातून किती दिवस चालतं, हे त्या '१' मध्ये कुठेच नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच: मोजायचंच असेल तर ठरलेल्या मुदतीत पूर्ण झालेले उपचार मोजा. नियोजनही त्याच टोकापासून सुरू करा.

तिरकस

मुद्दा कळला, पण जिथे एकही यंत्र नाही तिथे हा शहाणपणा काय कामाचा? आधी आणू तर द्या. पूर्ण-अपूर्णचे हिशेब नंतर बघता येतील.

पैलतीर

'आधी आणू द्या' म्हणूनच तर घोटाळा होतो. जाड काँक्रीटचा बंकर बांधून त्यात यंत्र बसवायला दीड-दोन वर्षं लागतात. त्यावर कुणाला काय उपचार द्यायचे ते ठरवणारा डॉक्टर, म्हणजे रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट, तयार व्हायला वैद्यकीय पदवीनंतर तीन ते पाच वर्षं. मात्रा तपासणाऱ्या आणि उपचाराचा आराखडा आखणाऱ्या मेडिकल फिजिसिस्टला पदव्युत्तर शिक्षणानंतर रुग्णालयात साधारण दोन वर्षांचं प्रशिक्षण लागतं. ज्या दिवशी यंत्राचा निर्णय होतो त्या दिवशी माणसं शिकायला पाठवलेली नसतील, तर यंत्र तयार आणि माणूस नाही अशी वेळ येणारच. आणि पाठवलेली माणसं परत येतील याचीही खात्री नसते. तिकडेच राहिली तर त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. परत येऊन करणार काय, बंद यंत्राची राखण?

घनकोन

मी मेडिकल फिजिसिस्ट आहे. पैलतीर यांच्या मूळ मुद्द्याशी सहमत. थोडं गणित मांडतो, कारण 'एक यंत्र' म्हणजे नक्की किती उपचार हे फारसं कोणी उलगडून सांगत नाही.

समजा यंत्र दिवसाला ४२ रुग्ण करतं आणि वर्षाला २५० दिवस चालतं. झाल्या १०,५०० सिटिंग (एका वेळी दिलेलं रेडिएशन म्हणजे एक सिटिंग). एका उपचाराला सरासरी २५ सिटिंग लागत असतील तर वर्षाला ४२० रुग्ण झाले. सरासरी १८ वर आणली तर तेच यंत्र, तीच माणसं, तोच बंकर, आणि ५८३ रुग्ण. उलट वर्षातले दहा टक्के दिवस यंत्र बंद राहिलं तर १,०५० सिटिंग बुडाल्या. नियोजनात एका यंत्रामागे वर्षाला साधारण ४५० ते ५०० रुग्ण धरतात, त्यामागे असंच गणित असतं. पण ही संख्या निसर्गनियम असल्यासारखी वापरली जाते, तिथे गडबड होते. ती तुमच्या सरासरी सिटिंगवर आणि बंद दिवसांवर हलते.

सिटिंग कमी करणं म्हणजे उपचारात काटछाट, असं कुणाला वाटेल. तसं नाही. स्तनाच्या कॅन्सरला पूर्वी २५ सिटिंग सर्रास असायच्या. ब्रिटनमधल्या चाचण्यांनी दाखवलं की १५ सिटिंगमध्ये ४० ग्रे (ग्रे म्हणजे मात्रेचं एकक) दिले तरी निकाल तेवढेच चांगले येतात. २०२० मध्ये फास्ट-फॉरवर्ड चाचणीचे पाच वर्षांचे निकाल आले: एका आठवड्यात पाच सिटिंग, एकूण २६ ग्रे, तरीही आजार उलटण्याचं प्रमाण वाढलं नाही. प्रोस्टेटला ३७ च्या जागी २० चालतात. कॅन्सर हाडात पसरून दुखत असेल तर बहुतेकांना ८ ग्रेची एकच सिटिंग वेदना कमी करायला पुरते. तरी अजून कित्येक ठिकाणी त्याच दुखण्यासाठी माणसाला दहा-दहा दिवस बोलावतात. जिथे यंत्रांची चणचण आहे तिथेच लांबलचक वेळापत्रकं चालू असतात, हे मला कधीच पटलेलं नाही.

अनुस्वार

@घनकोन, दहा दिवस बोलावण्यामागे पैशाचं कारणही असतं ना? जिथे दर सिटिंगमागे पैसे मिळतात तिथे सिटिंग कमी कोण कशाला करेल?

घनकोन

असतं. दर सिटिंगमागे पैसे दिले की सिटिंग वाढतात आणि पूर्ण उपचाराचे एकगठ्ठा पैसे दिले की कमी होतात, त्यात नवल नाही. पण सगळं खापर पैशावर फोडू नका. सवय असते, कोर्टकचेरीची भीती असते. आणि कमी सिटिंगमध्ये प्रत्येक सिटिंगची मात्रा मोठी असल्याने रुग्णाची स्थिती आणि मात्रा दोन्ही जास्त काटेकोर सांभाळाव्या लागतात. ती खात्री नसेल तर डॉक्टर जुन्या वाटेनेच जातात, आणि ते समजण्यासारखं आहे.

सकाळपाळी

मी रेडिएशन टेक्नॉलॉजिस्ट. यंत्र चालवणारी. वरचं गणित बरोबर आहे, फक्त दिवस कसा जातो ते सांगते.

रुग्ण यायच्या आधी यंत्र तापवायचं. मग रोजची तपासणी: भिंतींवरच्या आणि छताच्या लेझर रेषा एका बिंदूत मिळतात का, दार उघडल्यावर बीम, म्हणजे किरणांचा झोत, तुटतो का, मात्रा नेहमीएवढी निघते का. मात्रा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली तर फिजिसिस्ट येऊन तपासेपर्यंत एकही रुग्ण टेबलावर घ्यायचा नाही. बाहेर बाकं भरलेली असतात आणि प्रत्येक जण आपल्या तोंडाकडे बघत असतो.

आता डोक्या-मानेच्या रुग्णाचं सांगते. त्याच्या चेहऱ्यावर जाळीचा प्लास्टिक मास्क घट्ट बसवून टेबलाला अडकवतो, म्हणजे मान रोज त्याच जागी राहते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोंड आलेलं असतं, गिळवत नाही, वजन उतरतं. मग एके दिवशी गाल आणि मास्क यांच्या मधे माझं बोट सहज सरकतं. म्हणजे आता मात्रा ठरल्या जागी पडेल याचा भरवसा नाही. पुन्हा सीटी, कदाचित नवा मास्क, नवा प्लॅन, म्हणजे किरणं कुठून आणि किती द्यायची याचा आराखडा. सीटीला जागा नसेल किंवा प्लॅन करणारा एकच फिजिसिस्ट असेल तर यंत्र सुरळीत चालू असूनही हा माणूस थांबलेला. पैलतीर म्हणतात तसं, यंत्राच्या आकड्यात तो कुठेच दिसत नाही.

आणि यंत्र बंद पडलं की पुन्हा सुरू झाल्यावर आधी कोण, हे ठरवावं लागतं. डोकं-मान आणि गर्भाशयमुख पहिले, कारण या आजारांत उपचार लांबले की गाठ पुन्हा डोकं वर काढते. स्तन आणि प्रोस्टेटवाल्यांना एखाद-दुसरा दिवस सोसतो. बुडालेली सिटिंग शनिवारी भरून काढतो, नाहीतर एका दिवसात दोन देतो, मधे निदान सहा तास सोडून. दुसऱ्या गावाहून येणाऱ्या माणसाला 'सहा तास इथेच बसा' असं सांगणं किती सोपं असेल, तुम्हीच बघा.

रानजाई

@सकाळपाळी, शेवटचं वाक्य वाचून थबकले. माझ्या सासूबाईंना गर्भाशयमुखाचा कॅन्सर होता. बाहेरून द्यायचं रेडिएशन एका केंद्रात वेळेत झालं. तिथे ब्रॅकिथेरपी नव्हती, ती दुसरीकडे. तिथे म्हणाले कागद पाठवा, मग म्हणाले पुन्हा तपासणी करू, मग म्हणाले स्रोत बदलायचा आहे, थांबा. आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं की मधल्या दिवसांनाही किंमत असते. आम्हाला वाटलं मुख्य उपचार झाला, आता उरलंसुरलं कधीही चालेल. त्याआधी बाहेरचं रेडिएशन सोमवार ते शुक्रवार रोज, आठवडेच्या आठवडे. शेतात काम करणारी बाई एवढे दिवस कुठे राहणार, काय खाणार, घरचं कोण बघणार, याचं उत्तर कुठल्याच कागदावर नव्हतं.

सध्या बऱ्या आहेत, त्यामुळे काळजीचं कारण नाही. पण ते 'थांबा' आजही विसरलेले नाही.

घनकोन

@रानजाई, या आजारात बाहेरचं आणि आतलं मिळून सगळं रेडिएशन आठ आठवड्यांत संपवावं असा संकेत आहे. त्यापुढचा प्रत्येक दिवस आजार आटोक्यात येण्याची शक्यता थोडी थोडी घटवतो. ब्रॅकिथेरपी हा उरलासुरला भाग नाही, तो गाभा आहे.

'स्रोत बदलायचा आहे' हे मात्र खरं असू शकतं. ब्रॅकिथेरपीत बहुतेक ठिकाणी इरिडियम-१९२ वापरतात. त्याचं अर्धायुष्य (ताकद निम्मी व्हायला लागणारा काळ) साधारण ७४ दिवस, म्हणून दर तीन-चार महिन्यांनी नवा स्रोत मागवावा लागतो. परवाना, विमान, सीमाशुल्क, यांतलं काहीही अडकलं की यंत्र ठणठणीत असून निरुपयोगी. म्हणूनच काही केंद्रं कोबाल्ट-६० चा छोटा स्रोत घेतात. त्याचं अर्धायुष्य सव्वापाच वर्षांचं, सारखी आयात नको. दूरच्या केंद्राचं नियोजन करताना सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न हा, आणि तो विचारला जातो सगळ्यात शेवटी.

तिरकस

कोबाल्टचा विषय निघालाच आहे तर: गरीब देशांनी कोबाल्ट घ्यावं आणि श्रीमंतांनी लिनॅक (विजेवर किरणं तयार करणारं यंत्र), हीच तर विषमता ना? १९५१ सालचं तंत्र आजच्या रुग्णाला का?

घनकोन

वर्ष बरोबर आहे. कोबाल्ट-६० ने पहिले उपचार १९५१ मध्ये कॅनडात झाले. पण लिनॅकसुद्धा काही कालचा नाही. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात त्यावर पहिला रुग्ण १९५३ मध्ये घेतला. तंत्राच्या वयावर जाऊ नका, गरजा बघा.

लिनॅकला स्थिर वीज लागते, थंड पाणी लागतं, आत उत्तम निर्वात पोकळी टिकवावी लागते. बीमला आकार देणारी बारीक पात्यांची जुळणी (मल्टीलीफ कोलिमेटर) आणि तिच्या छोट्या मोटरी कुरबुर करतात. सुटा भाग दोन दिवसांत येत असेल तर हे सगळं ठीक. दोन महिन्यांनी येत असेल तर ठीक नाही. कोबाल्टचा स्रोत वीज असो नसो किरणं देतच राहतो, यंत्रणा सोपी, दुरुस्ती सोपी. भाभा अणुसंशोधन केंद्राने घडवलेलं भाभाट्रॉन याच विचाराचं, आणि भारताने ते व्हिएतनामला भेट दिलं तेही याच कारणाने.

पण तिरकस यांची शंका अगदीच बिनबुडाची नाही. स्रोताची ताकद महिन्याला साधारण एक टक्क्याने घटते. आज जी सिटिंग दोन मिनिटांची, ती सव्वापाच वर्षांनी चार मिनिटांची. स्रोत वेळेवर बदलला नाही की रांग आपोआप लांबते. बीमची कड लिनॅकइतकी धारदार नसते. शिवाय सुरक्षा. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोइयानियात सोडून दिलेल्या दवाखान्यातलं जुनं सीझियमचं यंत्र भंगारवाल्यांच्या हाती लागलं, चार माणसं मेली आणि २४९ जणांना किरणोत्सारी दूषण झालं. मेक्सिकोतल्या हुआरेसमध्ये १९८३-८४ ला कोबाल्टच्या यंत्रातल्या गोळ्या भंगारातून थेट लोखंडी सळ्यांत गेल्या. म्हणजे कोबाल्ट घ्यायचं तर जुना स्रोत परत नेण्याचा करार त्याच दिवशी हवा, नंतर नाही.

माझं मत: वीज आणि दुरुस्ती भरवशाची असेल तर दोन सारखे लिनॅक, शक्यतो बीम जुळवलेले, म्हणजे एक बंद पडला तर रुग्ण नवा प्लॅन न करता दुसऱ्यावर जातो. तसं नसेल तर लिनॅकच्या जोडीला एक कोबाल्ट. एका गावात एकच लिनॅक, हा मला सगळ्यात वाईट पर्याय वाटतो. उद्घाटनाच्या फोटोत मात्र तोच छान दिसतो.

अनुस्वार

एकट्या यंत्राबद्दल दुसरी बाजू: रानजाईंच्या अनुभवावरून अंतर हाच खरा अडथळा दिसतो. दोन-दोन यंत्रं एकत्र ठेवायची म्हणजे केंद्रं कमी आणि अंतरं जास्त. मग लांबच्या माणसाचं काय?

पैलतीर

खरा पेच हाच. माझं उत्तर अर्धवट आहे. मोठ्या केंद्राजवळ राहण्या-जेवणाची सोय करणं हे लांब एकटं यंत्र बसवण्यापेक्षा जवळपास नेहमीच स्वस्त पडतं, आणि तरी ते यंत्राच्या अंदाजपत्रकात नसतं, कारण ते 'वैद्यकीय' नाही. घनकोन यांनी सांगितलेल्या कमी सिटिंग हा दुसरा भाग. २५ दिवस गावाबाहेर राहणं आणि पाच दिवस राहणं यात लांबच्या माणसासाठी जमीन-अस्मानाचा फरक आहे. प्लॅनिंग दूर बसून करता येतं, सीटी आणि आराखडे नेटवरून जातात, त्यामुळे छोट्या केंद्रात टेक्नॉलॉजिस्ट आणि एक फिजिसिस्ट असूनही काम चालू शकतं. पण यंत्र बंद पडलं की तिथल्या रुग्णांना कुठे आणि कोणत्या गाडीने न्यायचं, हे आधी ठरलेलं हवं.

अजून एक गोष्ट मला नेहमी खुपते. नियोजनाच्या बैठकीत कोणीतरी म्हणतं, 'तिकडे वेटिंग लिस्टच नाही, म्हणजे मागणी नाही.' अहो, जिथे रेडिएशन मिळतच नाही तिथला डॉक्टर रुग्णाला पाठवेल कशाला आणि कुठे? जिथे टंचाई सगळ्यात जास्त, तिथेच रांग सगळ्यात छोटी दिसते. म्हणून मागणी रांगेवरून नाही, कॅन्सर नोंदणीवरून काढायची: कुठल्या अवयवाचे किती रुग्ण, कुठल्या टप्प्यावर आले, त्यांतल्या किती जणांना रेडिएशन लागायला हवं होतं आणि किती जणांपर्यंत ते पोचलं.

तिरकस

नोंदणी, राहण्याची सोय, माणसं, कोबाल्ट, लिनॅक... यापेक्षा एचपीव्हीची (हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची) लस देऊन गर्भाशयमुखाचा कॅन्सरच टाळा की. हे सगळं उपचारांचं लटांबर लागणारच नाही.

रानजाई

लस आज मुलीला दिली तर फायदा ती मोठी झाल्यावर. माझ्या सासूबाईंचं काय करायचं होतं मग?

पैलतीर

@तिरकस, जागतिक आरोग्य संघटनेचं २०३० चं उद्दिष्टच ९०-७०-९० असं आहे: ९० टक्के मुलींना लस, ७० टक्के स्त्रियांची चांगल्या चाचणीने तपासणी, आणि आजार निघालेल्यांपैकी ९० टक्क्यांवर उपचार. शेवटचा ९० रेडिएशनशिवाय गाठता येत नाही. तपासणी वाढवली की सुरुवातीला रुग्ण जास्तच सापडतात. त्यांना सांगायचं काय, आजार निघाला पण यंत्र नाही?

पैशाचं म्हणाल तर, २०१५ मध्ये लॅन्सेट ऑन्कॉलॉजीच्या आयोगाने हिशेब केला होता. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत २०३५ पर्यंत रेडिएशन पुरेसं करायला सुमारे १८४ अब्ज डॉलर लागतील, त्यातून २.६९ कोटी जीवनवर्षं वाचतील आणि आर्थिक परतावा खर्चापेक्षा जास्त असेल. उधळपट्टी म्हणावी असं काही नाही.

अनुस्वार

उधळपट्टीवरून आठवलं. जगात आता प्रोटॉन कणांनी रेडिएशन देणारी शंभराहून जास्त महागडी केंद्रं आहेत, बहुतेक श्रीमंत देशांत. काही कॅन्सरमध्ये, विशेषतः लहान मुलांच्या, त्याचा उपयोग आहे हे मान्य. पण ज्या देशात साधं रेडिएशन धड मिळत नाही त्यानेही 'आमच्याकडे प्रोटॉन' म्हणून मिरवायला निघावं, हे काही झेपत नाही.

सकाळपाळी

प्रोटॉनचं मला माहीत नाही, पण साधं रेडिएशन 'धड' आहे की नाही हे तपासायची सोय फार जुनी आहे. आयएईए आणि जागतिक आरोग्य संघटना १९६९ पासून टपालाने छोटे मात्रामापक पाठवतात. आम्ही त्यांवर ठरलेली मात्रा द्यायची आणि परत पाठवायचं. फरक पाच टक्क्यांच्या आत हवा, नाहीतर कारण शोधा. यंत्र नुसतं चालू असणं पुरत नाही, दोन ग्रे म्हटलं की दोनच ग्रे पडले पाहिजेत.

आणि पैलतीर, तुम्ही म्हणता ते 'मुदतीत पूर्ण झालेले उपचार' मोजायला नवं काही उभारायला नको. आधुनिक लिनॅकच्या जोडीला नोंदी ठेवणारी संगणक प्रणाली असतेच. कुठल्या रुग्णाला कुठल्या तारखेला कितवी सिटिंग दिली, कधी खंड पडला, सगळं त्यात आहे. जुन्या कोबाल्टवर तेच रुग्णाच्या उपचार-पत्रावर हाताने लिहितात. ठरलेली तारीख आणि संपल्याची तारीख, दोन रकाने. आमच्याकडे वरून दर महिन्याला माहितीचा तक्ता मागवतात. त्यात यंत्रं किती आणि नवे रुग्ण किती, एवढंच विचारलेलं असतं.

पैलतीर

@सकाळपाळी, तो तक्ता ठरवणाऱ्यांपैकी काही जण माझ्या बैठकांना असतात. पुढच्या वेळी हे दोन रकाने मीच सुचवतो. खंड पडण्याचं कारणही विचारायचं का: यंत्र बंद, रुग्ण आला नाही, प्लॅन तयार नाही? की त्याने तुमच्यावर लिहिण्याचा बोजा वाढेल?

सकाळपाळी

विचारा. तीनच पर्याय ठेवा आणि खूण करायला सांगा. परिच्छेद लिहायला सांगितलात तर कोणी भरणार नाही.